प्रश्न तुमचे : एका ऑसिलेटरचा आवाज भरदार कसा होईल?

प्रश्न : माझ्या सिंथमध्ये (सिंथेसायझरमध्ये) दर स्वराला एकच ऑसिलेटर (मूळ ध्वनी निर्माण करणारा भाग) आहे. सॉटूथवर (करवतीच्या दातांसारख्या लहरीवर) केलेला पॅड (लांब रेंगाळणारा पार्श्वस्वर) सपाट वाटतो म्हणून कोरस पेडल जोडलं, तर सूरच डुगडुगायला लागला. काय चुकतंय?

उत्तर : दोष ऑसिलेटरचा नाही. १९८२ च्या रोलँड जुनो-६० मध्येही दर स्वराला एकच ऑसिलेटर होता, जोडीला एक सप्तक खालचा सब-ऑसिलेटर. त्याच्या आवाजातला भरदारपणा मुख्यतः आतल्या कोरसचा आहे.

कोरसमध्ये मूळ आवाजाची प्रत काही मिलिसेकंद उशिरा येते आणि तो उशीर सतत कमी-जास्त होत राहतो. त्यामुळे प्रतीचा सूर किंचित हलतो. किती हलेल, हे गती (उशीर किती वेगाने बदलतो) आणि डेप्थ (किती बदलतो) या दोन्हींच्या गुणाकारावर ठरतं. उशीर २ मिलिसेकंदांनी पुढे-मागे होत असेल आणि गती ०.५ हर्ट्झ असेल, तर सूर सुमारे ११ सेंट सरकतो (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). हे गोड लागतं. डेप्थ तीच ठेवून गती ३ हर्ट्झ केली की हाच आकडा ६५ च्या आसपास जातो, म्हणजे अर्धस्वराच्या निम्म्याहून जास्त. तुमचा सूर इथेच ढळतोय. गती ०.४ ते ०.६ हर्ट्झवर आणा, फीडबॅक, म्हणजे प्रत पुन्हा आत सोडणं, शून्य करा (नाहीतर फ्लँजर या इफेक्टची धातूसारखी छटा येते) आणि डेप्थ शून्यापासून हळूहळू वाढवा. हालचाल स्पष्ट कळू लागली की बटण जरासं मागे घ्या.

मिक्स, म्हणजे मूळ आवाजात प्रतीचं प्रमाण, तोही तपासा. तो ५० टक्क्यांच्या आसपास हवा. १०० टक्क्यांवर मूळ आवाज नाहीसा होतो, मग प्रत कोणाशी मिसळणार? उरतो तो नुसता व्हायब्रेटो, म्हणजे सुराचं थरथरणं.

आणखी एक गोष्ट बरेचदा सुटते : फिल्टर (वरच्या कंप्रता कापणारा भाग) फार बंद असेल तर कोरसला काम करायला वरचे हार्मोनिक्सच (उपस्वरच) मिळत नाहीत, आवाज फक्त लहान-मोठा होत राहतो. कटऑफ (फिल्टर जिथून कापायला लागतो ती कंप्रता) थोडा उघडा. सोय असेल तर कोरसच्या प्रतीतला १५० हर्ट्झखालचा भाग कापून टाका, म्हणजे खर्ज स्थिर राहील.

प्रश्न : हेडफोनवर पॅड प्रशस्त वाटतो, पण एकाच स्पीकरवर पोकळ का होतो?

उत्तर : डावी-उजवी बाजू एकत्र झाली की काही कंप्रता एकमेकींना खोडतात. एक बाजू १० मिलिसेकंद उशिरा सोडून रुंदी आणली असेल, तर मोनोत (दोन्ही बाजू एकत्र केल्यावर) ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ओळीने खड्डे पडतात. काही पेडलं तर एका बाजूची प्रत उलट्या फेजमध्ये (लहर उलटी करून) देतात. ती मोनोत पूर्ण पुसली जाते आणि मूळचा सपाट आवाज तेवढा उरतो. मूळ आवाज दोन्ही बाजूंना सारखा ठेवा, फक्त प्रती फाकवा. मोनोत ऐकून मगच पॅच (आवाजाची जुळवणी) सेव्ह करावा.

प्रश्न : गिटारचं ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) सिंथला लावलं. एक स्वर छान वाजतो, कॉर्डचा मात्र चिखल होतो.

उत्तर : दोन कारणं. सिंथचा लाइन लेव्हल (बाहेर येणाऱ्या सिग्नलची पातळी) गिटारपेक्षा बराच जोरकस असतो, त्यात चार स्वरांची बेरीज झाली की पेडलचं इनपुट आधीच फुटतं. सिंथचा आवाज निम्म्याखाली आणा आणि पातळी पूर्ण कॉर्ड दाबूनच ठरवा. दुसरं, डिस्टॉर्शनमध्ये (आवाज असा फाटताना) स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. षड्ज-पंचमाच्या जोडीत ते बरेचसे सुरात बसतात. गंधार मिसळला की खडखडाट सुरू. तेव्हा ओव्हरड्राइव्हमधून षड्ज-पंचमच पाठवा, गंधार दुसऱ्या स्वच्छ ट्रॅकवर वाजवा. रिव्हर्ब (घुमारा) नेहमी ओव्हरड्राइव्हनंतर, आधी लावलात तर त्याची शेपटीही फाटते.