तेलविहिरीचा अंदाज आणि सत्तर हजारांचा क्लास

प्रश्न : मॅडम, आम्ही उरणला राहतो. माझे मिस्टर इथल्या गॅस प्लांटवर कंत्राटी फिटर आहेत. मुलगी पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजचा एक सीनिअर ह्यूस्टनला असतो. तो म्हणाला, तेल-वायूच्या विहिरींचं उत्पादन पुढे किती राहील हे काढायचं सॉफ्टवेअर शिकून घे, त्याला मागणी आहे. पुण्यातला एक क्लास सहा आठवड्यांचे सत्तर हजार मागतोय, नोकरीला मदत करू म्हणतोय. माझ्या पाटल्या ठेवल्या तर पैसे उभे राहतील. पण तेल संपणार असं सगळे म्हणतात. शिवाय मुलीला समुद्रात जावं लागेल का, ही धास्ती आहेच. भरू का पैसे?
– एक आई, उरण

उत्तर : ताई, पैसे आत्ता भरू नका. मुलीने धरलेली वाट मात्र चुकीची नाही. काम खरं आहे, डोक्याचं आहे आणि तुम्हाला परकंही नाही. मुंबई हायचं तेल आणि वायू जिथे किनाऱ्याला लागतो त्याच गावात तुम्ही राहता. अडचण एवढीच, की सहा आठवड्यांत जे शिकवणार आहेत तो या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी काम काय ते सांगते. विहीर नवी असते तेव्हा खडकात दाब भरपूर असतो. तेल काढत गेलं की दाब उतरतो आणि रोजचं उत्पादन घटत जातं. ही घट आलेखावर मांडायची, रेषा पुढे न्यायची आणि विहीर चालवण्याचा खर्चही निघेनासा होईल तिथे थांबायचं. रेषेखाली जेवढं क्षेत्रफळ, तेवढं तेल अजून हाती लागेल असं धरायचं. जे. जे. आर्प्स यांनी १९४५ मध्ये या घटीची समीकरणं नीट मांडली. आज कंपन्यांमध्ये यासाठी एसएलबी (पूर्वीची श्लंबर्जर) या कंपनीचं ओएफएम हे सॉफ्टवेअर चालतं, कॅनडातल्या कॅल्गरीत जन्मलेलं आणि पुढे एस अँड पी ग्लोबलकडे गेलेलं हार्मनी चालतं, फ्रान्सच्या काप्पाचं टोपाझ, एडिनबर्गच्या पेट्रोलियम एक्सपर्ट्सचं एमबॅल. यातली काही दाबाचा हिशेबही सोबत घेतात, काही साठ्यातला एकूण ताळेबंद मांडतात. पण घटीचा साधा आलेख काढायला बसलात की गाठ आर्प्स यांच्याशीच पडते.

मुलीला हा हिशेब करून बघायला सांगा. विहीर आज दिवसाला ५०० बॅरल देते आणि घटीचा सुरुवातीचा दर वर्षाला ०.२० आहे. आर्प्स यांच्या समीकरणात 'बी' नावाचा एक आकडा असतो, घट पुढे किती मंदावेल ते तो ठरवतो. बी शून्य धरला तर पाच वर्षांनी उत्पादन साधारण १८४ बॅरल, ०.८ धरला तर २४०. फरक फार वाटत नाही. पण पंधरा वर्षांनी पहिल्या हिशेबात २५ बॅरल उरतात आणि दुसऱ्यात १०८. विहीर तीच, आजचा आकडा तोच, आणि उत्तर चौपट. हातात दीड-दोन वर्षांचीच आकडेवारी असेल तर दोन्ही रेषा आलेखावरच्या नोंदींच्या ठिपक्यांवर जवळजवळ सारख्याच बसतात. कुठली खरी धरायची हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते खडक, पाणी, वायू आणि शेजारच्या विहिरी बघून माणसाने ठरवायचं असतं.

ठिपक्यांवर तरी डोळे मिटून विश्वास कुठे ठेवता येतो? समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर बहुतेक वेळा प्रत्येक विहिरीचं तेल रोज वेगळं मोजत नाहीत. विहीर अधूनमधून टेस्ट सेपरेटरवर, म्हणजे तेल, वायू, पाणी वेगळं करून मोजणाऱ्या टाकीवर, घेतात आणि एकूण उत्पादन त्या प्रमाणात विहिरींना वाटून देतात. मुंबई हायच्या पुष्कळ विहिरींना तेल वर आणायला गॅस लिफ्ट लागतो, म्हणजे विहिरीत दाबाने वायू सोडावा लागतो. कॉम्प्रेसर चार दिवस बंद पडला, कुणी चोक (विहिरीचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) आवळला, दुरुस्तीसाठी विहीर थांबवली, की आलेखावर खड्डा पडतो. हा खड्डा साठा संपत आल्याचा नाही हे ज्याला कळत नाही, तो सॉफ्टवेअरमधून रंगीत छापील रिपोर्ट काढेल आणि चुकीचा आकडा साहेबांच्या टेबलावर ठेवेल. ताई, या बाबतीत तुमच्या मिस्टरांना क्लासच्या मास्तरांपेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता आहे. मुलीने एक रविवार त्यांच्यापाशी बसून सेपरेटर, कॉम्प्रेसर, शटडाऊन कसं चालतं ते विचारून घ्यावं.

अंदाज चुकला की काय होतं याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ ब्लॉकचं. तिथल्या डी१-डी३ क्षेत्रातून एप्रिल २००९ मध्ये वायू सुरू झाला. आराखड्यात दिवसाला ८ कोटी घनमीटरची अपेक्षा होती. उत्पादन तिथवर पोचलंच नाही, २०१० नंतर घसरत गेलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते क्षेत्र बंद झालं. ब्लॉक चालवणारी रिलायन्स म्हणाली, जमिनीखालची रचना वाटली होती त्यापेक्षा गुंतागुंतीची निघाली. सरकार म्हणालं, ठरल्याएवढ्या विहिरी खोदल्याच नाहीत. प्रकरण लवादापर्यंत गेलं. या वायूच्या भरवशावर वीज प्रकल्प उभे राहिले होते. सॉफ्टवेअर कमी पडलं म्हणून हे झालं असं कुणीच म्हटलं नाही.

ताजं उदाहरण मुंबई हायचंच. २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीने या क्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवडलं. सुरुवातीचं ठरावीक शुल्क सोडलं तर पुढचा मोबदला वाढीव उत्पादनावर आहे. आता 'वाढीव' कशाच्या तुलनेत? काहीच केलं नसतं तर उत्पादन कसं घटलं असतं, त्या रेषेच्या. म्हणजे घटीचा आलेख थेट पैशांच्या करारात जाऊन बसला. ही रेषा काढणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला किंमत का आहे, ते यावरून कळेल.

आता मुलीच्या शाखेबद्दल. हे जरा कडू लागेल. पेट्रोकेमिकल म्हणजे तेल-वायू वर आल्यानंतरची प्रक्रिया: रिफायनरी, पॉलिमर, रसायनं. विहिरीचा अंदाज हा पेट्रोलियम इंजिनिअरिंगमधल्या रिझर्व्हॉयर (जमिनीखालचा तेलसाठा) विषयाचा भाग. ॲडमिशनच्या वेळी या दोन नावांत गल्लत करणारे पालक मला दरवर्षी भेटतात. तिची पायाभूत तयारी वाया जाणार नाही. थर्मोडायनॅमिक्स, द्रवांचा प्रवाह, वायूंचे गुणधर्म सगळं लागतं. पण सच्छिद्र खडकातून तेल कसं वाहतं, साठ्याचा ताळेबंद कसा मांडतात, विहिरीची दाबचाचणी कशी वाचतात, हे तिच्या अभ्यासक्रमात नसेल किंवा नावापुरतं असेल. मुलाखतीत नेमकं तेच विचारतील. कुठलं बटण कुठे आहे हे कुणी विचारत नाही. कंपनी स्वतःचा परवाना देते आणि काही आठवड्यांत शिकवून घेते.

म्हणून तिला एक काम द्या, फुकटचं. उत्तर समुद्रात नॉर्वेचं व्होल्व्ह नावाचं तेलक्षेत्र होतं, २००८ ते २०१६ चाललं. ते बंद झाल्यावर इक्विनॉर कंपनीने २०१८ मध्ये त्याची जवळजवळ सगळी माहिती विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी खुली केली. त्यात विहिरींची रोजची नोंद आहे: तेल, वायू, पाणी, चोक किती उघडा, खालचा दाब किती. एफ-१२ ही विहीर घ्यावी. शेवटची दोन वर्षं झाकून ठेवावी, आधीच्या आकड्यांवरून पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत किंवा साध्या एक्सेलमध्ये रेषा काढावी, मग झाकलेलं उघडून बघावं. अंदाज चुकणारच. का चुकला यावर तिने दोन पानं मराठीत लिहिली तरी चालतील, पण लिहावीत. सोबत एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातली पेट्रोलियमची व्याख्यानं ऐकावीत, तीही मोफत आहेत. दोन-तीन महिने हे करूनही गोडी टिकली तर पुढचं बोलू. कंटाळा आला तर सत्तर हजार वाचले.

क्लासवाल्यांना मात्र एक प्रश्न जरूर विचारा: सॉफ्टवेअरचा परवाना कुणाच्या नावावर आहे? हे परवाने महाग असतात. कंपन्या विद्यापीठांना शैक्षणिक परवाने देतात, गल्लीतल्या क्लासला सहसा नाही. परवाना नसलेल्या, फोडलेल्या प्रतीवर शिकवत असतील तर त्या सर्टिफिकेटला कुठलीही तेल कंपनी हात लावणार नाही. 'नोकरीला मदत' म्हणजे काय तेही लेखी मागा. बहुतेक वेळा ते बायोडेटा पुढे पाठवणं असतं.

समुद्राची धास्ती सोडा. अंदाज बांधण्याचं काम मुख्यतः ऑफिसातलं आहे, मुंबई, अहमदाबाद, गुरुग्राम अशा शहरांतलं. प्लॅटफॉर्मवर कधी जावं लागलंच तर जाऊ द्या, तिथे हल्ली मुलीही असतात आणि ज्याने विहीर पाहिली आहे त्याचा आलेख वेगळा असतो. पुण्यात एसएलबी, हॅलिबर्टन, बीपी यांची केंद्रं आहेत. तिथे सॉफ्टवेअर लिहिणारे, आकडेवारी सांभाळणारे लोकही लागतात. प्रोग्रॅमिंग चांगलं असेल तर तिच्या शाखेतून तो दरवाजा मला जास्त जवळचा वाटतो.

तेल संपण्याची काळजी मी करणार नाही, भावाची करेन. २०१४ ला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली गेलं आणि जगभर इंजिनिअर घरी बसले. २०२० मध्ये पुन्हा तेच. या धंद्यात भरती लाटांमध्ये होते, जागा मुळात थोड्या असतात. म्हणून दुसरं कौशल्य हाताशी हवं. खडकातल्या प्रवाहाचं हे ज्ञान कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवायला आणि भूऔष्णिक ऊर्जेलाही लागतं, एवढा दिलासा आहे.

पुढे एम.टेक. करायचं तर त्यासाठीच्या गेट परीक्षेला तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात. पेट्रोलियम इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर असतो, केमिकलचाही असतो. दोन्हींचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून तिने कुठला जमेल ते ठरवावं. धनबादचं आयआयटी (आयएसएम), अमेठी जिल्ह्यातलं राजीव गांधी पेट्रोलियम तंत्रज्ञान संस्थान या ठिकाणी एम.टेक.साठी पेट्रोकेमिकल शाखा चालते का, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं. ओएनजीसीच्या जाहिरातीतही पदानुसार शाखांची यादी असते, 'केमिकल' लिहिलं असेल तर 'पेट्रोकेमिकल' धरतात का हे अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्यावं. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत.