दापोलीला पहिल्यांदा निघालास तर

राजा, कापूस वेचून झाला की जानेवारी-फेब्रुवारीत निघ. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईकडं, मग कोकण रेल्वेनं खेड आणि तिथून एसटी. रस्ता वळणावळणाचा आहे, पोट हलकं ठेव.

दापोली डोंगरावर आहे. समुद्र खाली, कर्दे-मुरूड-हर्णैला. म्हणून खोली मुरुडात किंवा कर्द्यातच घे, नाहीतर रोज वर-खाली करण्यातच दिवस जातो. संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव चुकवू नकोस. माळकरी असलास तरी पाहा. बोली लावायची कशी हे आपल्या बाजार समितीतल्यांनी तिथं शिकावं! समोर पाण्यातला सुवर्णदुर्ग पाहायचा तर होडीचा भाव आधी ठरव.

विहिरीत सूर मारतोस म्हणून ओहोटीच्या वेळी समुद्रात आत जाऊ नकोस. पाणी ओढतं. भरती कधी, ते गावातल्या माणसाला विचारूनच उतर.

एक सकाळ आसूदच्या केशवराज देवळासाठी ठेव. नारळ-सुपारीच्या बागांतून चढ आहे, वर झऱ्याचं पाणी. आपल्यासारख्या कोरडवाहूवाल्याचे डोळे तिथंच निवतात. जेवण मिळमिळीत वाटेल, तर ठेचा घरूनच ने.