घरचं सीएनसी मिलिंग मशीन: आराखड्यापासून लाईट जाण्यापर्यंत सहा प्रश्न

प्रश्न (नाशिक): सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर, लाकडाचं कोरीवकाम आणि अधूनमधून ॲल्युमिनियमच्या नेमप्लेट करायच्या आहेत. बेड ६०० बाय ९०० मिमी, स्लाइडला १६ मिमीचे शाफ्ट, असा आराखडा आहे. चालेल का?

लाकडावर रडतखडत चालेल, ॲल्युमिनियमवर नाही. फक्त टोकांना धरलेल्या १६ मिमीच्या दोन शाफ्टांवर मधोमध पाच किलोचा जोर आला, तर ६०० मिमी लांबीला ते साधारण ०.१७ मिमी वाकतात. लांबी ३०० केली की हाच आकडा ०.०२ वर येतो. लांबी निम्मी झाली की वाक आठव्या हिश्शावर, असा तो हिशोब आहे. ॲल्युमिनियमवर आपण एका फेरीत जेमतेम ०.२ मिमी उतरतो. त्यात ०.१७ वाकण्यातच गेले, तर बिट (कापणारं फिरतं हत्यार) कापत नाही, नुसता घासत राहतो.

पहिलं मशीन ३०० बाय ४०० चं करा, झेडची (वर-खाली सरकणाऱ्या अक्षाची) चाल ८० मिमी पुरे. गँट्री (बिट फिरवणारी मोटर धरणारी कमान) जागेवर पक्की आणि टेबल हलणारं ठेवा. मशीन जागा जास्त खातं, पण त्याच पैशात कितीतरी जास्त ताठ होतं. प्रत्येक अक्षाला १५ मिमीच्या दोन चौकोनी लिनिअर रेल आणि चार ब्लॉक, १६०५ बॉलस्क्रू (१६ मिमी व्यासाचा, एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा), त्याला बीके१२-बीएफ१२ सपोर्ट (स्क्रूची दोन टोकं धरणारे बेअरिंग) आणि नेमा २३ मापाची स्टेपर मोटर (ठराविक स्टेपनी फिरणारी).

वेल्डिंगची फ्रेम थंड होताना ओढली जाते. तिच्यावर रेल तशीच आवळली तर रेलही वाकते आणि ब्लॉक जागोजागी अडकतो. सातपूर-अंबडला जॉब वर्क करणाऱ्याकडून रेल बसायच्या जागा व्हीएमसीवर (कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मिलिंग मशीनवर) एकाच सेटिंगमध्ये मारून घ्या. वेल्डिंग टाळून १२ मिमीची प्लेट बोल्टने जोडली तर आणखी बरं. पहिली रेल पक्की करा. दुसरीचे बोल्ट ढिले ठेवून टेबल एका टोकाला न्या आणि तिथले बोल्ट आवळा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिथले. एमडीएफ फ्रेमला नको, पावसाळ्यात फुगतो. टेबलावर, तुकड्याखाली, बिटने कापला गेला तरी चालेल असा बळीचा बकरा म्हणून तो उत्तम.

प्रश्न (कोल्हापूर): ग्रबल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेला अर्डुइनो उनो बोर्ड, १६०५ स्क्रू, मोटरचा ड्रायव्हर १/८ वर (एका स्टेपचे आठ भाग). १०० मिमी सांगितलं की ७८ मिमीच जातं. मोटर स्टेप चुकवते का?

नाही. स्टेप चुकल्या असत्या तर दर वेळी वेगळा आकडा आला असता. मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप, त्या गुणिले ८ म्हणजे १६००, आणि स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकतो. म्हणजे मिलिमीटरला ३२० स्टेप हव्यात. ग्रबलमध्ये मुळात २५० असतात. २५० भागिले ३२० करा, तुमचे ७८ सापडतील. ग्रबलच्या $१००, $१०१ आणि $१०२ (एक्स, वाय, झेड) या सेटिंगमध्ये ३२० भरा. टी८ (८ मिमी व्यासाच्या साध्या आट्यांच्या) स्क्रूवाल्यांनी जास्त जपावं. त्याच्या आट्यांमधलं अंतर २ मिमी असलं तरी चार आटे शेजारी-शेजारी असल्यामुळे नट एका फेऱ्यात बहुतेक वेळा ८ मिमी जातो. एक फेरा फिरवून मोजाच.

व्हर्निअरने २० मिमीचा तुकडा मोजून ३२० चं ३२१.४ करणारे बरेच असतात. तो फरक स्क्रूचा नसतो, बिटच्या व्यासाचा आणि मोजणाऱ्या हाताचा असतो.

प्रश्न (सांगली): वर्तुळ कापलं की अंड्यासारखं येतं. स्क्रू बदलू का?

आधी वर्तुळ नीट बघा, दोष त्यातच लिहिलेला असतो. एक्स किंवा वायच्या दिशेने लांबट असेल तर एखाद्या अक्षाची स्टेपसंख्या चुकली आहे. ४५ अंशांत तिरकं लांबट असेल तर दोन अक्ष गुनियात नाहीत. आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार ठिकाणी छोटी सपाटी किंवा पायरी दिसत असेल तर बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई.

गुनिया तपासायला ३०० बाय ४०० च्या चार कोपऱ्यांत मशीननेच भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५०० यायला हवेत. कर्णांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे ४०० मिमीच्या चालीत सुमारे ०.४ मिमी तिरकेपणा. गँट्रीचे बोल्ट ढिले करून एका पायाखाली शिम (पातळ पत्रा) घाला.

बॅकलॅशसाठी टेबलाला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावा. १ मिमी पुढे जाऊन डायल शून्य करा. आणखी १ मिमी पुढे, मग १ मिमी मागे. काटा शून्याच्या जितका अलीकडे थांबला तितका बॅकलॅश. नट बदलण्याआधी डायल स्क्रूच्या टोकाला लावून टेबल हाताने ढकला. स्क्रू स्वतःच पुढेमागे होत असेल तर दोष बीके१२ च्या लॉकनटचा, आणि तो आवळायला पाच मिनिटं लागतात. कपलरचा (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा) ग्रब स्क्रूही पाहा. मोटरच्या शाफ्टवर सपाट जागा नसेल तर तो सटकत राहतो. मूळ ग्रबल बॅकलॅशची भरपाई करत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये उपाय शोधू नका.

प्रश्न (ठाणे): व्हीएफडी (स्पिंडलचा, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरचा, वेग बदलणारा डबा) सुरू केला की ‘अलार्म १’ येऊन मशीन थांबतं. लिमिट स्विचला (चालीच्या टोकाला मशीन थांबवणाऱ्या स्विचला) तर काही लागलेलंच नसतं.

स्विचच्या वायरीत व्हीएफडीचा नॉइज शिरतो. अर्डुइनोच्या आतला पुल-अप (पिनला ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) कमजोर असतो, लांब वायर अँटेना होते. स्विच एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) पद्धतीने पिन आणि ग्राउंडमध्ये जोडा आणि ग्रबलमध्ये $५=१ करा. मग पिन सतत ग्राउंडला घट्ट बांधलेली राहते आणि वायर तुटली तरी मशीन थांबतं. शिवाय पिनवर ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. स्विचला शिल्डेड केबल वापरा, तिचं शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. स्पिंडलची केबल वेगळ्या वाटेने न्या. व्हीएफडी आणि स्पिंडलच्या बॉडीला खरं अर्थिंग हवं. तीन पिनी प्लगमधली हिरवी वायर कुठवर पोचते ते तपासा. $२१=० करून अलार्म बंद करणं हा उपाय नाही.

प्रश्न (पिंपरी): स्पिंडल म्हणून लावलेल्या ट्रिमरला (लाकूडकामाच्या हातातल्या मशीनला) ३.१७५ मिमीचा दोन धारांचा बिट, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला १५० मिमी. ॲल्युमिनियम बिटला चिकटतं आणि बिट तुटतो. फीड आणखी कमी करू का?

उलट करा. ट्रिमर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर १५० फीडला प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००२५ मिमी येतं. एवढ्यात चिप निघत नाही, नुसती उष्णता होते. वेग कमी-जास्त करता येणारा ट्रिमर घ्या. बारा हजारावर, एकाच धारेचा कार्बाइड बिट, फीड ३००, खोली ०.२; म्हणजे धारेला ०.०२५ मिमी. सध्याच्या ट्रिमरला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका, त्याला एवढा लोड झेपत नाही. ब्रशने कटिंग ऑईल लावा. पेट्रोल किंवा स्पिरिट बिलकुल नको, ट्रिमरच्या कार्बन ब्रशला ठिणग्या उडतात. भांड्यांचा मऊ पत्रा कसाही चिकटतोच. ६०६१ किंवा ६०८२ मागा.

प्रश्न (जालना): काम अर्ध्यावर असताना लाईट गेली तर तुकडा वाया जातोच का?

लिमिट स्विच आणि होमिंग (स्विच शोधून मशीनने स्वतःची मूळ जागा ठरवणं) असेल तर सहसा नाही. कामाचा शून्य (तुकड्यावरचा सुरुवातीचा बिंदू) जी९२ या आज्ञेने घेऊ नका, तो वीज गेली की पुसला जातो. जी१० एल२० पी१ ने घेतलेला शून्य ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) राहतो. लाईट आली की होमिंग करा आणि जिथे बिट वर उचलला आहे अशा ओळीपासून पुढे चालवा. त्याआधी स्पिंडल सुरू करणारी, एककाची आणि फीडची ओळ हाताने द्या. बॉलस्क्रूचा झेड मात्र वीज गेली की स्पिंडलच्या वजनाने खाली घसरू शकतो आणि बिट तुकड्यात रुततो. झेडला वजन तोलणारी स्प्रिंग लावा, किंवा तेवढ्या एका अक्षाला एका फेऱ्यात २ मिमी जाणारा एकआटी टी८ घ्या. तो जागचा हलत नाही.