हाताने घडवलेल्या लाकडी धनुष्याच्या पाठीवर नक्षीचं रेशमी कापड कसं चिकटवायचं? त्यामुळे धनुष्य मोडायचं वाचतं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण धोका तिथेच आहे. नाही, वाचत नाही. पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू. दोरी ओढली की तीच ताणली जाते. तिथले रेषे तिरपे जाऊन कडेला संपत असतील किंवा एखादं कुसळ सुटलेलं असेल, तर पातळ रेशीम ते धरून ठेवू शकत नाही, नुसतं झाकतं. मग तडा वाढत असला तरी दिसत नाही. जाड लिननच्या थराने थोडा आधार मिळतो, पण त्याच्या भरवशावर खराब लाकूड वापरू नका. कापड लावण्याआधी पाठीवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील, तिथे कुसळ आहे असं समजा.

शोभेसाठीच लावायचं असेल तर टिलरिंग पूर्ण झाल्यावर लावा, म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकायला लागल्यावर. तोवर लाकडाला तेल किंवा वॉर्निश लागलेलं नको, नाहीतर गोंद धरत नाही. पाठीच्या कडा २-३ मिमी गोल करा, १२० नंबरचा सँडपेपर लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा आणि धूळ पुसून काढा.

कापड धुऊन त्याची खळ काढून टाका आणि इस्त्री करा. रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने तपासा. उभा धागा धनुष्याच्या लांबीत येईल असंच कापा. तिरपं कापलं तर लावताना ताणलं जाऊन नक्षी वाकडी होते. दोन्ही बाजूंना १ सेंमी जास्त ठेवा. एवढं लांब कापड नसेल तर जोड मुठीवर घ्या, ३-४ सेंमी एकावर एक. मूठ वाकत नसेल तर तिथल्या जोडावर ताण येत नाही, शिवाय वर चामडं किंवा दोरा गुंडाळला की तो झाकला जातो.

गोंद म्हणून मी पाण्याला टिकणारा, लाकडाचा पीव्हीए (फेव्हिकॉलसारखा गोंद) वापरतो, फार तर दहावा हिस्सा पाणी घालून. फिकट रेशीम गोंदात भिजलं की पारदर्शक होतं, आणि वाळल्यावरही खालचं लाकूड नक्षीतून डोकावतं. म्हणून त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी करून बघाच. डोकावत असेल तर खाली साध्या पांढऱ्या कापडाचा एक थर द्या.

लाकडावर गोंदाचा पातळ, एकसारखा हात द्या. कापड मुठीपासून टोकाकडे ठेवत जा आणि मधून कडांकडे बोटाने दाबत हवा काढा. वरूनही गोंदाचा हात द्या. कापड सगळीकडे सारखं गडद दिसलं पाहिजे; फिकट डाग राहिला तर तिथे गोंद पोचलेला नाही. प्लॅस्टिक गुंडाळून ठेवू नका, ओल आत अडकते.

२४ तासांनी बारीक कानस घ्या, कडेला ४५ अंशांत धरा आणि फक्त पाठीकडून पोटाकडे, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूला, ढकला. जास्तीचं कापड कडेवर स्वच्छ तुटून येतं. कानस उलटी फिरवली तर कड उचकटते, आणि उचकटलेली कड परत नीट बसवणं अवघड असतं. दोरीच्या खाचाही याच दिशेने मोकळ्या करा.

गोंद हाताला कोरडा लागला तरी त्यातलं पाणी लाकडात गेलेलं असतं. कोरड्या, हवेशीर जागी आठवडाभर ठेवा आणि तोवर ओढू नका. ओलसर लाकूड ओढलं तर कायमचा बाक येतो, जोरही घटतो. नंतर थोडं थोडं ओढून टिलर परत तपासा. फरक पडला असेल तर पोटाकडूनच खरवडा.

शेवटी पॉलिशचे तीन-चार पातळ हात द्या. पहिल्या हातानंतर कापडाचे तंतू उभे राहतात. ते ३२० नंबरने अगदी हलके घासा, कारण एखादा धागा कापला गेला तर नक्षीत पांढरा ठिपका पडतो. पॉलिशआधी कुठे फुगा दिसला तर बारीक सुईच्या सिरिंजने थेंबभर गोंद आत सोडा, त्यावर मेणकागद ठेवून रात्रभर दाबून ठेवा.