स्विचवर डीएचसीपी चालू केलं, तरी आयपी कॉन्फ्लिक्ट का येतो?

तुमचा प्रश्न असा: शाहूपुरीतल्या ऑफिसात सिस्कोचा २४ पोर्टचा स्विच बसवला, त्यावर डीएचसीपी (मशीनना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, आपोआप वाटणारी सोय) चालू केलं, सगळ्या पीसींना आयपी आपोआप मिळतो, पण मधूनच प्रिंटर गायब होतो आणि कुणाला तरी ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ (एकच आयपी दोन मशीनना) दिसतो. स्विच बदलायचा का?

नका बदलू. प्रिंटरला हाताने आयपी दिलाय का, ते आधी बघा.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मला हेच निस्तरावं लागलं होतं. हजेरीच्या थंब मशीनला १९२.१६८.१.२० हा आयपी कायमचा दिलेला. सुट्टीत मशीन बंद होतं. सिस्कोचा स्विच नवा आयपी देण्याआधी त्या आयपीला दोनदा पिंग करून, म्हणजे हाक मारून, बघतो. उत्तर आलं नाही की तो मोकळा आहे असं धरतो. बंद मशीन उत्तर देणार कसं? २० नंबर गेला अकाउंट्सच्या लॅपटॉपला. मग मशीन चालू झालं आणि एका आयपीवर दोघं. कामगार अंगठा लावत होते, हजेरी सॉफ्टवेअरमध्ये येत नव्हती. पगाराचा प्रश्न, माणसं कावरीबावरी झालेली. मी अर्धा दिवस केबल आणि कनेक्टर बदलत बसलो. शेवटी स्विचवर ‘शो आयपी डीएचसीपी बाइंडिंग’ (कुठला आयपी कुणाला दिला त्याची यादी) मारलं, तर २० समोर लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर.

म्हणून पूल (वाटायच्या आयपींचा साठा) बनवायच्या आधी वगळायचे आयपी ठरवा. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, थंब मशीन, राउटर, खुद्द स्विच, सगळ्यांना १ ते ५० मध्ये बसवा आणि ‘आयपी डीएचसीपी एक्स्क्लूडेड-ॲड्रेस’ लिहून पुढे १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.१.५० द्या. मग पूल: नेटवर्क १९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट-राउटरमध्ये तुमच्या इंटरनेट राउटरचा आयपी, शिवाय डीएनएस (वेबसाइटच्या नावाचा आयपी शोधून देणारा सर्व्हर). लीज, म्हणजे दिलेल्या आयपीची मुदत, मुळातच एक दिवसाची असते, तुमच्या ऑफिसला पुरे. स्विचच्या व्हीएलॅनलाही (स्विचमधल्या ज्या नेटवर्कवर ही मशीनं आहेत त्यालाही) याच रेंजमधला आयपी हवा, नाहीतर पूल असून कुणाला काही मिळणार नाही.

तुमच्याकडे आयपी आधीच वाटून झालेत. त्यामुळे प्रिंटरचा आयपी ज्या पीसीकडे गेलाय, त्याची नोंद ‘क्लिअर आयपी डीएचसीपी बाइंडिंग’ने काढा. नुसती नोंद काढून पीसी आयपी सोडत नाही. त्या पीसीवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘/रिन्यू’ करायलाच लागतं.

इंटरनेटवाल्याने बसवलेल्या राउटरमध्येही डीएचसीपी बहुतेक चालूच असतं. ते बंद करा. दोघं आयपी वाटत राहिले तर ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा आयपी पीसी घेतो आणि स्विचच्या यादीत तुम्हाला अर्धीच मशीनं दिसतात.

सगळं झालं की ‘राइट मेमरी’ विसरू नका. लाइट गेली तर केलेली सेटिंग पुसली जाईल.

एवढं करूनही प्रिंटर गेला, तर त्याच वेळी बाइंडिंगची यादी काढा आणि प्रिंटरचा आयपी त्यात दिसतो का ते मला सांगा.