चित्रकार माधव सातवळेकर यांचा आपल्या सातारा जिल्ह्याशी काय संबंध?

संबंध औंधचा, आणि तो घट्ट आहे. वेदांचे भाष्यकार पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे त्यांचे वडील. पंडितजी स्वतःही मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेले कसलेले चित्रकार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हातात कुंचला धरणारे होते. त्यांच्या आश्रयाने हे कुटुंब औंधला राहिलं. अशा घरात, अशा गावात माधवराव वाढले.

पुढे जे. जे., मग फ्लोरेन्स, लंडनचं स्लेड हे कला विद्यालय आणि पॅरिस. एवढं युरोप पाहूनही कॅनव्हासवर आली ती आपलीच माणसं, आपलंच रोजचं जगणं. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

शिक्षक म्हणून त्यांचं काम मात्र फार कमी लोकांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं. 1954 मध्ये त्यांनी मुंबईत इंडियन आर्ट इन्स्टिट्यूट काढली. 1969 ते 1975 ते राज्याचे कला संचालक होते. आपली मुलं शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देतात ना, त्या याच कला संचालनालयाच्या.

चित्रं पाहायची असतील तर औंधला यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय गाठा. तिथे रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांच्यासोबत माधवरावांचंही काम आहे. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं 'आई आणि मूल' पण तिथेच आहे, ते चुकवू नका. घाईत जाऊ नका, अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा.