लिनक्सवर मोडेम डायल करत नसेल तर
आधी मोडेम (फोनलाइनवरून इंटरनेट जोडणारं यंत्र) कोणता ते बघा. आतली पीसीआय कार्डं बहुतेक विनमोडेम असतात. त्यांचं निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो, म्हणून लिनक्सवर ती सहसा मुकी राहतात. त्यांच्या मागे लागण्यापेक्षा सिरीयल पोर्टचा बाहेरचा मोडेम घ्या, डोकेदुखी वाचेल.

विंडोजमधला कॉम १ (पहिला सिरीयल पोर्ट) म्हणजे लिनक्समधला टीटीवायएस०, कॉम २ म्हणजे टीटीवायएस१. या एका आकड्यानेच घोळ होतो. मिनिकॉममध्ये (मोडेमशी थेट बोलणारा प्रोग्रॅम) तो पोर्ट निवडून ‘एटी’ टाइप करा, एंटर दाबा. ‘ओके’ आलं की मोडेम, केबल, पोर्ट तिन्ही ठीक. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर बहुधा तुमचं खातं डायलआउट ग्रुपमध्ये (ज्याला सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असते) नाही. ते घाला, लॉगआउट करून परत या. रूट (अ‍ॅडमिन खातं) म्हणून चालवत बसू नका.

‘नो डायलटोन’ दिसलं तर त्याच वायरीला फोन लावून ऐका. टोन तुटक येत असेल तर मोडेमला तो ओळखू येत नाही. डायल करण्याआधी ‘एटीएक्स३’ द्या, मग तो टोनची वाट बघत नाही.

कनेक्शन लागतं पण साइट उघडत नाही? एखाद्या आयपी पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर दोष डीएनएसचा (साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणारी सेवा). नाही आलं तर राउट (डेटा बाहेर जाण्याचा मार्ग) तपासा: इथरनेट कार्डाचा डीफॉल्ट राउट आधीच असेल तर पीपीपीडी (डायल-अप कनेक्शन चालवणारा प्रोग्रॅम) आपला लावत नाही.